बार मित्स्वा आणि बात मित्स्वा: तयारी कोणत्या क्रमाने करावी

बार मित्स्वा म्हणजे मुलाच्या आणि बात मित्स्वा म्हणजे मुलीच्या धार्मिक जबाबदारीला आरंभ करणारा ज्यू सोहळा. आपल्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) घरांत मुलगा तेरा वर्षांचा किंवा मुलगी बारा वर्षांची होत आली की सर्वांत आधी हॉलची चौकशी सुरू होते. हॉल मिळाला की पत्रिका छापतात, पत्रिका वाटल्या की जेवणाचा बेत ठरतो, आणि मुलाने तोरातील (मोशेच्या पाच ग्रंथांतील) कोणता भाग वाचायचा हा प्रश्न दोन महिने उरले असताना पुढे येतो. मग मूल चार ओळी पाठ करते, त्या घाईने म्हणून मोकळे होते आणि पुढल्या शब्बाथला (शनिवारच्या पवित्र दिवशी) सिनेगॉगमध्ये दिसत नाही. ओळखीच्या घरांतील मुलांच्या तयारीला मदत करताना हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. पालकांच्या श्रद्धेत उणे नसते. कामांचा क्रम उलटा लागलेला असतो. म्हणून हा लेख त्या क्रमासाठी आहे. तयारीला एक वर्ष हाताशी आहे असे धरून तो लिहिला आहे.

१. प्रथम हिब्रू तारीख काढा

मुलगा तेरा वर्षे पूर्ण करून चौदाव्यात आणि मुलगी बारा वर्षे पूर्ण करून तेराव्यात पाऊल टाकते तो दिवस हिब्रू पंचांगाप्रमाणे मोजायचा असतो. इंग्रजी वाढदिवस आणि हा दिवस यांत दोन-तीन आठवड्यांचा फरक सहज पडतो. हिब्रू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे जन्म सूर्यास्तापूर्वीचा की नंतरचा हे कळल्याशिवाय तारीख काढता येत नाही. जन्मदाखल्यावर पुष्कळदा वेळ नसते. रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर ती सापडते. कार्ड हरवले असेल तर त्या दिवशी रुग्णालयात हजर असलेल्या आजीला किंवा मावशीला विचारा.

हिब्रू पंचांगातही अधिक महिना असतो. एकोणीस वर्षांच्या चक्रात सात वर्षे तेरा महिन्यांची असतात आणि त्या वर्षांत अदार महिना दोनदा येतो. समजा, एखादी मुलगी १ मार्च २०१५ रोजी दुपारी जन्मली. ती अदारची १० तारीख. २०२७ मधला अदार अधिक महिन्याच्या वर्षातला आहे, आणि साध्या वर्षीच्या अदारमध्ये जन्मलेल्यांचा दिवस अशा वर्षी दुसऱ्या अदारमध्ये धरतात. म्हणून तिचा दिवस शुक्रवार, १९ मार्च २०२७ हा येतो. तीच मुलगी त्या संध्याकाळी सूर्यास्तानंतर जन्मली असती तर दिवस शनिवार, २० मार्च झाला असता. संकेतस्थळावर तारीख काढताना सूर्यास्ताची चौकट न पाहिल्यामुळे एका कुटुंबाने ठरवलेला सोहळा एक दिवस आधीचा निघाला होता आणि तीनशे पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या होत्या.

सावधान: सोहळा या हिब्रू तारखेला किंवा तिच्यानंतर करता येतो, आधी करता येत नाही. तारखेपूर्वी मुलगा मिन्यानच्या, म्हणजे जाहीर प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत धरला जात नाही.

तपासणी: काढलेली तारीख कागदावर लिहून हजानांना (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना) दाखवली का? संधिप्रकाशातला जन्म असेल तर निर्णय त्यांच्यावर सोडा.

२. दिवस आणि जागा एकत्र ठरवा

तोराचे जाहीर वाचन शब्बाथप्रमाणेच सोमवारी आणि गुरुवारी सकाळीही होते. शब्बाथला वाचन मोठे असते, सात जणांना पुकारले जाते आणि हफ्तारा (संदेष्ट्यांच्या ग्रंथांतला वेचा) वाचला जातो. पण त्या दिवशी तेफिलिन (प्रार्थनेच्या वेळी दंडावर आणि डोक्यावर बांधायच्या, आत तोरातील वचने असलेल्या चामडी डब्या) घालत नाहीत, छायाचित्रण करता येत नाही, स्वयंपाक करता येत नाही आणि पाहुण्यांना दूरवरून गाडीने येण्याचा प्रश्न उभा राहतो. सोमवारी किंवा गुरुवारी वाचन लहान असते, तीनच जणांना पुकारतात, परंतु मुलाला तेफिलिन घालून उभे राहता येते आणि फोटोही काढता येतात. माझे मत असे की शक्य असेल तिथे दोन्ही करावे: गुरुवारी सकाळी तेफिलिन आणि पहिली अलिया (तोरापाशी पुकारले जाणे), त्यानंतर मलिदा (गोड पोहे आणि फळांचे प्रार्थनेचे ताट) आणि जेवण, आणि त्याच आठवड्याच्या शब्बाथला घरच्या माणसांपुरते मोठे वाचन. गुरुवारी जे वाचतात तो येत्या शब्बाथच्या परशाचाच (तोराच्या साप्ताहिक भागाचाच) आरंभ असतो, त्यामुळे मुलाला वेगळे काही शिकावे लागत नाही.

ठाणे, भायखळा किंवा पुणे येथे दहा पुरुष जमवणे अवघड जात नाही. अलिबाग, रेवदंडा किंवा पेण येथील सिनेगॉगमध्ये सोहळा करायची इच्छा असेल, आणि पूर्वज त्या बाजूचे असतील तर ती जरूर असावी, तर मिन्यानची माणसे नावानिशी आधी ठरवावी लागतात. तिथे सोमवार किंवा गुरुवारच निवडा. १ मे किंवा २६ जानेवारी यांपैकी एखादी सुट्टी त्या वारी येत असेल तर उत्तमच.

इस्राएलमधील नातेवाईक येणार असतील किंवा मुलगा तिथे वाढत असून सोहळा इथे असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. इस्राएलबाहेर पेसाहचा सण आठ दिवसांचा आणि शावुओथचा दोन दिवसांचा, म्हणजे इस्राएलमधल्यापेक्षा एकेक दिवस जास्त, पाळतात. हा जादा दिवस शनिवारी आला की इथले साप्ताहिक वाचन तिथल्यापेक्षा काही आठवडे मागे पडते. ३० मे २०२६ च्या शब्बाथचेच पाहा: भारतातील परशा नासो, तर इस्राएलमधील बेहाअलोथखा. अश्दोदच्या शिक्षकाकडे वर्षभर तयारी केलेला मुलगा ठाण्याला येऊन चुकीचा भाग हातात घेऊन उभा राहतो तो यामुळेच.

तपासणी: परशाचे नाव, हफ्ताऱ्याचे नाव आणि त्या शब्बाथला विशेष वाचन आहे का, या तीन गोष्टी सोहळा जिथे होणार त्या सिनेगॉगमधून लिहून घ्या. वरच्या उदाहरणातील २० मार्च २०२७ हा पुरीम सणापूर्वीचा शब्बाथ आहे. त्या दिवशी हफ्ताराही नेहमीचा नसतो.

३. शिकवणारा, चाल आणि वाचनाचा वाटा

आपण सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या) पद्धतीने प्रार्थना करतो. यूट्यूबवर सहज सापडणारी ध्वनिमुद्रणे बहुतांशी अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपातील ज्यूंच्या) चालीची असतात. मूल हुशार असेल तर आठ दिवसांत ती चाल उचलते, आणि मग हजानांना ती पुसून काढायला तीन महिने लागतात. म्हणून पहिल्या दिवसापासून ज्या सिनेगॉगमध्ये वाचायचे तिथल्या हजानांच्या आवाजातील मुद्रण घ्या. मोबाइलवर चार-चार ओळींच्या वेगळ्या फाइली केलेल्या बऱ्या पडतात. अर्ध्या तासाचे सलग मुद्रण मुले ऐकत नाहीत.

वाटा किती घ्यावा हे मुलाच्या वाचनावरून ठरवा, चुलतभावाने किती वाचले होते त्यावरून नव्हे. ज्याला हिब्रू अक्षरे आज येत नाहीत त्याने वर्षभरात अलियाच्या दोन्ही बेराखा (आशीर्वचने) आणि मफ्तीरच्या (शब्बाथच्या तोरावाचनातील शेवटच्या भागाच्या) काही ओळी स्वच्छ म्हटल्या तरी ते पुरेसे आहे. ज्याला अक्षरे येतात त्याने हफ्ताराही घ्यावा. संपूर्ण परशा फार थोड्या मुलांना झेपतो, आणि न झेपलेले वाचन मुलाच्या मनात वर्षानुवर्षे लाजेसारखे राहते.

४. वाचनाचा सराव

सर्वांत जास्त चुका इथे होतात. पहिली चूक देवनागरीची. आई हौसेने सगळा मजकूर वहीत देवनागरीत उतरवून देते आणि मूल वही पाठ करते. देवनागरीत हे आणि हेथ ही दोन्ही अक्षरे ‘ह’ होतात, आलेफ आणि आयिन दोन्ही ‘अ’ होतात. शिवाय वही मिटली की मुलापाशी काहीच उरत नाही. देवनागरीचा आधार पहिले दोन आठवडे घ्या, तोही पेन्सिलीने लिहा, आणि एकेक ओळ मुलाला आली की त्याच्याच हाताने खोडायला सांगा.

दुसरी चूक छापील पुस्तकावर विसंबण्याची. सेफेर तोरात, म्हणजे तोराच्या हस्तलिखित गुंडाळीत, स्वरचिन्हे नसतात, चालीच्या खुणा नसतात, विरामही नसतात. त्यामुळे छापील पानावर अस्खलित वाचणारे मूल गुंडाळीसमोर पहिल्याच शब्दाला थबकते. यावर उपाय तिक्कूनचा. या पुस्तकात एका स्तंभात खुणांसहित मजकूर असतो आणि शेजारच्या स्तंभात गुंडाळीतल्यासारखा कोरा. सातव्या महिन्यापासून आधी खुणांचा स्तंभ, लगेच कोरा स्तंभ, असे एकेका ओळीने वाचून घ्यावे. हफ्तारा मात्र पुष्कळ ठिकाणी छापील पुस्तकातून वाचतात, म्हणून त्याला एवढा वेळ लागत नाही.

तिसरी चूक दिवसाची. रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बरी. शाळा, क्लास आणि क्रिकेट सांभाळून वीस मिनिटे निघतात. वडिलांनी किंवा आजोबांनी शेजारी बसावे आणि स्वतःही वाचावे. ज्यांना येत नाही त्यांनी मुलाकडून शिकावे. माझ्या पाहण्यात ज्या घरी वडील मुलाबरोबर अक्षरे शिकले त्या घरी सोहळ्यानंतरही पुस्तक उघडले गेले.

सावधान: शेवटच्या दोन महिन्यांत निदान तीन वेळा सराव प्रत्यक्ष तेबावर (सिनेगॉगमधल्या वाचनाच्या चौथऱ्यावर), खऱ्या उंचीवर उभे राहून व्हायला हवा. एका सरावात लक्षात आले की बुटक्या मुलाला गुंडाळीची वरची ओळ दिसतच नव्हती. पायाखाली स्वयंपाकघरातला पाट दिल्यावर त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. गुंडाळीला हाताने स्पर्श न करता यादने (दर्शक काडीने) ओळ कशी दाखवायची, हेही तिथेच शिकवावे.

५. तेफिलिन

तेफिलिनची मागणी निदान चार महिने आधी नोंदवा. आतील चर्मपत्रावरचा मजकूर सोफेरने (धर्मलेखनिकाने) हाताने लिहिलेला असतो आणि एक अक्षर तुटले तरी ते चालत नाहीत, त्यामुळे स्वस्त मिळतात म्हणून अनोळखी ठिकाणाहून घेऊ नयेत. घरात आजोबांचे जुने तेफिलिन असतील तर ते सोफेरकडून तपासून घ्या. कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळी हवेत चर्मपत्र फुगते आणि शाई सुटते. तपासणीत ठीक निघाले तर मुलाला तेच द्यावेत. नव्या तेफिलिनला तो मान येत नाही.

घालण्याचा क्रम असा: आधी हाताचे, मग कपाळावरच्या केसांच्या रेषेवर डोक्याचे, काढताना उलट. उजव्या हाताने लिहिणारा मुलगा डाव्या दंडावर घालतो, डावखुरा उजव्या दंडावर. सेफार्दी रिवाजात साधारणपणे एकच बेराखा म्हणतात, अश्केनाझी दोन म्हणतात; इंटरनेटवरून शिकलेली मुले इथेही गोंधळतात. डोक्याच्या पट्ट्याची गाठ मुलाच्या मापाने बसवून घ्यावी, नाहीतर ते भुवयांवर घसरतात.

तपासणी: मुलगा आरसा न पाहता, कोणाच्या मदतीवाचून पाच मिनिटांत तेफिलिन घालून काढून पिशवीत नीट ठेवू शकतो का? हे जमेपर्यंत सराव संपला असे समजू नये.

६. मुलाचे स्वतःचे बोलणे

वाचनाइतकेच महत्त्व मी या भागाला देतो. परशावर मुलाने पाच-सात मिनिटे बोलायचे असते, आणि नेमके तेच बहुतेक घरांत मोठी माणसे लिहून देतात. तसे करू नये. सहा महिने आधी परशाचे मराठी भाषांतर मुलाबरोबर दोनदा वाचा आणि त्याला तीन प्रश्न लिहायला सांगा: मला काय कळले नाही, मला काय पटले नाही, आणि आमच्या घरात असे कधी घडले आहे का. दुसऱ्या प्रश्नाला घाबरू नका.

लेख लेखा हा परशा असलेल्या एका मुलाने विचारले की अब्राहाम देश सोडून निघाला तेव्हा मागे राहिलेल्यांना काय वाटले असेल. त्याचे निम्मे नातेवाईक इस्राएलला गेलेले आणि त्याची आजी ठाण्यातच राहिलेली. आम्ही त्याला उत्तर दिले नाही. आजीला विचारायला सांगितले. तिने सांगितले की भाऊ निघाला त्या दिवशी तिने दाराच्या मेझूझाला (चौकटीवरच्या पवित्र वचनांच्या डबीला) हात लावला आणि तो हात किती वेळ खाली घेतलाच नाही. मुलाने हे जसेच्या तसे सांगितले. भाषण चार मिनिटांचे झाले आणि ते पूर्णपणे त्याचे होते.

बोलणे मराठीतच होऊ द्या; अश्दोदहून आणि लोदहून आलेल्या वडीलधाऱ्यांनाही मराठी कळते, आणि तरुण मंडळींसाठी कोणी शेजारी बसून हिब्रूत सांगू शकते. आभारप्रदर्शन वेगळे ठेवा, नाहीतर नावांच्या यादीत परशा हरवतो.

७. मुलीची तयारी दुय्यम ठेवू नका

पुष्कळ घरांत बात मित्स्वा म्हणजे केक आणि नवा पोशाख एवढेच होते. ऑर्थोडॉक्स सिनेगॉगमध्ये मुलगी तोरा वाचत नाही, पण तिच्या हाती ठोस जबाबदारी देता येते आणि तीही वर्षभर आधी. तिने तेहिल्लीममधील (स्तोत्रसंहितेतील) एक स्तोत्र हिब्रूतून शिकावे, परशावर वर सांगितल्याप्रमाणे बोलावे, आणि शब्बाथच्या मेणबत्त्यांची व हाल्लाची (शब्बाथच्या पावाची) जबाबदारी आजीकडून रीतसर घ्यावी. हाल्लाचा तुकडा वेगळा काढण्याची बेराखा म्हणण्यासाठी पीठ पुरेसे लागते. पावणेदोन किलो घेतले तर बहुतेक मतांप्रमाणे बेराखा म्हणता येते, त्याहून कमी असेल तर आधी विचारून घ्या. रिफॉर्म पद्धतीच्या मंडळीत मुलींच्या वाचनाचे नियम वेगळे असतात. ते तिथल्या विश्वस्तांकडून समजून घ्यावेत.

८. आडनावाच्या गावाला जा

सोहळ्याच्या दोन-तीन महिने आधी एक दिवस यासाठी राखून ठेवा. दिवेकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, किहीमकर: आपल्या आडनावात गाव आहे, आणि कित्येक मुलांनी ते पाहिलेले नसते. अलिबागजवळ नवगावला आपल्या पूर्वजांची दफनभूमी आहे, त्याच भागातल्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीचा (संदेष्टा एलियाचा) टापा, म्हणजे त्याच्या स्वर्गगमनाची खूण मानलेली जागा, आहे. शब्बाथ, सण आणि रोश होदेश (हिब्रू महिन्याचा आरंभ) वगळून दिवस निवडा. मुलाला वही द्या; आजोबा ज्या घराची, विहिरीची किंवा तेलघाणीची गोष्ट सांगतील ती त्याने स्वतः लिहावी. दानधर्माचा भागही याला जोडता येतो: गावातील सिनेगॉगच्या आवाराची किंवा कबरींची स्वच्छता मुलाने हाताने करावी. केवळ चेक पाठवून हे काम होत नाही.

९. मलिदा आणि जेवण

मलिदा सोहळ्याच्या दिवशी घाईत उरकण्याची प्रथा पडत चालली आहे. त्याला स्वतंत्र अर्धा तास द्या. पोहे धुऊन निथळत ठेवावेत. गूळ किंवा साखर, ओले खोबरे, वेलची आणि सुका मेवा प्रार्थनेपूर्वी अर्धा तास कालवावा, नाहीतर पोहे घट्ट होतात. दूध घालू नये. खजूर उभे चिरून आत अळी नाही ना हे पाहावे. झाडाच्या फळाची बेराखा वेगळी आणि भूमीच्या फळाची वेगळी. केळे भूमीच्या फळांत येते, हे मुलाला आधी सांगून ठेवा आणि ताट त्यालाच मांडू द्या. एलियाहू हन्नाबीचे गाणे त्याला पाठ असावे.

जेवणात सर्वांत नेहमीची चूक दह्याची होते. बाहेरचा आचारी मटण दह्यात मुरवतो, बिर्याणीवर तूप सोडतो आणि पोळीलाही तूप लावतो. त्याची ती सवयच आहे. ठरवतानाच कागदावर लिहून द्या: मांसाहारी बेत असेल तर दूध, दही, तूप, लोणी काहीच नाही, गोडातही नाही, वाटण नारळाच्या दुधाचे, कोळंबी, खेकडा, जवळा स्वयंपाकघरात आणायचेच नाहीत आणि तळणीचे तेल नवे. शोहेतकडून (धर्मनियमाप्रमाणे जनावर कापणाऱ्याकडून) मांस मिळण्याची खात्री नसेल तर सरळ शाकाहारी जेवण ठेवा.

तपासणी: आचाऱ्याची भांडी कोणती, हे पाहायला घरचे कोणी प्रत्यक्ष जाणार आहे का?

१०. शेवटचे आठ दिवस

आता नवीन काही शिकवू नका. पुकारायच्या माणसांची हिब्रू नावे वडिलांच्या नावासह एका कागदावर लिहून गब्बाईंकडे (सिनेगॉगमध्ये वाचनाला पुकारण्याची व्यवस्था पाहणाऱ्यांकडे) द्या. गुरुवारी तीनच अलिया असतात; पाहुण्यांत कोहेन (याजक वंशातले) आणि लेवी (लेवी वंशातले) असतील तर पहिल्या दोन त्यांच्याकडे जातात आणि मुलगा तिसरा येतो, म्हणून काका-मामांना आधीच शब्द देऊन बसू नका. मुलाच्या पहिल्या अलियानंतर वडिलांनी म्हणायचे ‘बारूख शेपेतारानी’ हे वाक्य वडिलांनीही पाठ करावे. मुलाच्या आज्ञापालनाचा भार आता त्याचा त्याच्यावर, असा त्याचा आशय आहे. त्याचा अर्थ मुलाला आदल्या रात्री समजावून सांगावा.

शब्बाथच्या किद्दुशसाठी (द्राक्षरसावर म्हणायच्या प्रार्थनेसाठी) काळ्या मनुका गुरुवारी रात्री भिजवा आणि शुक्रवारी दुपारीच कुस्करून, गाळून सरबत भरून ठेवा. शब्बाथ लागल्यावर ते करता येत नाही.

११. सोहळ्यानंतरचा आठवडा

हा टप्पा कोणत्याच घराच्या यादीत नसतो, म्हणून तो आधीच लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा तेफिलिन घालेल (दुसरा दिवस शब्बाथचा असेल तर रविवारी), आणि पहिला महिनाभर घरातील एक पुरुष त्याच्याबरोबर घालेल. मुलगी येत्या शुक्रवारी स्वतः मेणबत्त्या लावेल. आणि हजानांना आजच सांगून ठेवा की मिन्यानला एक माणूस कमी पडला तर फोन वडिलांना करू नका, मुलालाच करा. त्याचा नंबर त्यांच्याकडे द्या.